पाया खणण्याआधी विम्याचं बघा

कोपरखैरणेत आमच्या गल्लीतली सिडकोची जुनी रो हाऊसेस एकेक करून पाडली गेली आणि त्यांच्या जागी तळमजला अधिक दोन अशी घरं उभी राहिली. आमची पाळी आली तेव्हा मी महिनाभर टाइल्स, खिडक्यांचे सेक्शन आणि नळ बघत हिंडत होते. विम्याचा विचार डोक्यात आला तो पायाचं खोदकाम सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी. सकाळी शेजारच्या काकू दारात उभ्या. "अगं, आमच्या किचनच्या भिंतीला काय झालंय ते बघ जरा." ओट्यापासून थेट छतापर्यंत तिरकी भेग गेली होती.

ठेकेदाराला फोन केला. "ताई, टेन्शन घेऊ नका, आपली पॉलिसी आहे," असं म्हणून त्याने व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवली. उघडून पाहिली तर ती त्याच्या टेम्पोची.

त्यानंतरच्या आठवड्यात मी विमा एजंट, एक निवृत्त सर्व्हेअर (दाव्याच्या वेळी नुकसान किती ते ठरवणारे) आणि आमचे आरसीसी कन्सल्टंट, म्हणजे कॉलम-स्लॅबचं डिझाइन करणारे, यांचं डोकं खाल्लं. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते. बिल्डरकडून फ्लॅट घेणाऱ्यांसाठी हा लेख नाही. स्वतःच्या प्लॉटवर, गावठाणात, सिडकोने प्रकल्पग्रस्तांना दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर किंवा जुनं घर पाडून त्याच जागी बांधणाऱ्यांसाठी आहे, मग ते उलव्यात असोत, घोडबंदर रोडला असोत की बदलापूरला.

सगळा गोंधळ इथून सुरू होतो की आपण 'घराचा विमा' असा एकच शब्द वापरतो. विमा कंपनीच्या लेखी बांधकाम चालू असलेलं घर हे घर नसतं, तो एक चालू प्रकल्प असतो. आपल्या ओळखीची जी गृहविमा पॉलिसी आहे ती उभ्या, राहत्या घरासाठी असते. जुन्या घराची अशी पॉलिसी असेल तर घर पाडल्यावर तिच्याखाली विमा उतरवायला काही उरतच नाही. आणि नव्या घराची पॉलिसी आपण घेतो गृहप्रवेशानंतर. मधले दहा-चौदा महिने, म्हणजे आयुष्यातला सगळ्यात मोठा खर्च उघड्यावर पावसात उभा असतो तो काळ, बहुतेक लोक काहीही न घेता काढतात.

ह्या मधल्या काळासाठी जी पॉलिसी असते तिचं नाव 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क'. इंग्रजी आद्याक्षरांवरून एजंट तिला 'कार पॉलिसी' म्हणतात, त्यामुळे घरात कोणी फोनवरचं बोलणं ऐकलं तर नवी गाडी येतेय असं वाटतं. नावात कॉन्ट्रॅक्टर असला तरी ती मालकालाही घेता येते, आणि सगळ्यात बरं म्हणजे दोघांच्या नावाने घ्यावी. फक्त ठेकेदाराच्या नावावर असेल तर दाव्याचा चेकही त्याच्याच नावाने येणार. मध्येच त्याच्याशी बिनसलं आणि तो काम सोडून गेला, तर पॉलिसी त्याची आणि अर्धवट घर आपलं.

हिचे दोन भाग असतात. पहिला भाग बांधकामाचं आणि साइटवरच्या मालाचं नुकसान भरून देतो: आग, वीज, पूर, वादळ, जमीन खचणं, दरड, चोरी, काम करताना झालेला अपघात. 'ऑल रिस्क' म्हणजे जे स्पष्ट शब्दांत वगळलेलं नाही ते सगळं धरलेलं. म्हणून ही पॉलिसी शेवटाकडून वाचायची, वगळलेल्या गोष्टींच्या पानापासून. दुसरा भाग तिऱ्हाइताच्या नुकसानीचा: परांचीवरून वीट पडून रस्त्यावरच्या माणसाला लागली, शेजाऱ्याच्या गाडीवर शटरिंगची (काँक्रीट ओतायच्या साच्याची) प्लेट पडली, तर त्याची भरपाई.

काकूंची भिंत ह्या दुसऱ्या भागात बसायला हवी, असं मलाही वाटलं होतं. इथेच खरी मेख आहे, आणि रो हाऊसवाल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. ह्या पॉलिसीच्या नेहमीच्या मसुद्यात कंपनांमुळे किंवा आधार काढल्यामुळे, कमकुवत झाल्यामुळे शेजारच्या मालमत्तेला होणारं नुकसान वगळलेलं असतं. ते हवं असेल तर जादा हप्ता भरून वेगळं कलम जोडून घ्यावं लागतं. जोडलं तरी अट अशी, की शेजारचं बांधकाम पूर्ण किंवा अंशतः कोसळलं तर भरपाई. नुसत्या वरवरच्या भेगा, ज्यांनी इमारतीच्या मजबुतीला धक्का लागत नाही, त्यांचे पैसे मिळत नाहीत. शिवाय काम सुरू होण्याआधी ते घर सुस्थितीत होतं हेही दाखवावं लागतं.

म्हणजे जिथे दोन घरांमध्ये एकच भिंत आहे, जिथे खणलं की शेजारी भेग पडणार हे गवंड्यालाही ठाऊक असतं, तिथे तेवढ्याच गोष्टीला विमा नाही. मला आधी राग आला. सर्व्हेअर काका म्हणाले, "जे होणारच आहे त्याचा विमा कोण देईल? विमा अचानक घडणाऱ्या गोष्टीचा." पटलं, पण काकूंच्या किचनचं प्लास्टर आणि रंग आमच्याच खिशातून झाला.

त्यांनी सांगितलेला एक उपाय मात्र फुकटातला आहे. खोदकामाच्या आधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या घरात, त्यांच्या समोर, प्रत्येक भिंतीचे फोटो आणि व्हिडिओ काढायचे. जुन्या भेगांवर पेन्सिलने तारीख घालायची, शेजाऱ्यांची सही घ्यायची. हे मागायला संकोच वाटतो खरा. पण नंतर 'ही भेग आधीपासूनच होती' म्हणायला त्याहून जास्त वाटतो.

पॉलिसीची रक्कम ठरवताना होणारी चूक दुसऱ्याच प्रकारची. आपल्याकडे दोन तऱ्हेचे ठेके असतात, नुसत्या मजुरीचा आणि मटेरियलसकट. मजुरीच्या ठेक्यात सिमेंट, सळई, वाळू, ब्लॉक आपण आणतो. ठेकेदाराने कराराच्या रकमेवर पॉलिसी काढली तर ती फक्त मजुरीच्या आकड्यावर निघते. विम्याची रक्कम ही घर पूर्ण झाल्यावर एकूण जो खर्च होणार तेवढी हवी, मालकाने पुरवलेल्या मालासह. जमिनीची किंमत त्यात धरायची नाही. खारघरचा प्लॉट कितीही सोन्याचा असला तरी तो जळत नाही.

कमी रकमेवर काढली तर काय होतं? समजा बांधकामाचा खरा खर्च ६० लाख आणि पॉलिसी ४० लाखांची. पावसात शटरिंग बसलं आणि ६ लाखांचं नुकसान झालं. आपल्याला वाटतं ४० लाखांपैकी ६ तर सहज मिळतील. कंपनी म्हणते, तुम्ही दोनतृतीयांशच विमा उतरवला, म्हणून नुकसानीचेही दोनतृतीयांश, म्हणजे ४ लाख. त्यातून 'एक्सेस' वजा. एक्सेस म्हणजे प्रत्येक दाव्यात आपण स्वतः सोसायची ठरलेली रक्कम. काम चालू असताना भाव वाढले, किंवा आपल्यासारखंच कुणी 'आता आणखी एक खोली काढूनच टाकू' म्हणालं, तर रक्कम वाढवून घेण्याचं पत्र कंपनीला द्यायचं.

वगळलेल्या गोष्टींतल्या तीन माझ्या वहीत तांबड्या शाईने लिहिलेल्या आहेत.

सदोष डिझाइन. कन्सल्टंटने कॉलमची सळई कमी धरली आणि त्यामुळे स्लॅब बसला, तर मूळ पॉलिसी हात वर करते. कामातल्या किंवा मालातल्या दोषाचं थोडं वेगळं आहे: जो भाग वाईट बांधला तो दुरुस्त करण्याचा खर्च आपला, पण तो पडल्यामुळे शेजारचा चांगला बांधलेला भाग मोडला तर त्याचे पैसे मिळतात. डिझाइनच्या दोषासाठी जादा कलम घेता येतं. पण त्याआधी कन्सल्टंटला सरळ विचारा, तुमचा व्यावसायिक जबाबदारीचा विमा आहे का? आमचे कन्सल्टंट हसले आणि म्हणाले, हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

थांबलेलं काम. पैसे संपले, सुतक आलं, मजूर गावी गेले, परवानगी अडकली. काम बंद पडल्यामुळे जे नुकसान होतं ते पॉलिसीत बसत नाही. आपल्याकडे मे महिन्यात मजूर उत्तरेला जातात ते पाऊस सुरू झाल्यावर परत येतात, हे गृहीत धरून चालायचं. काम बऱ्याच दिवसांसाठी थांबणार असेल तर कंपनीला आधीच लेखी कळवा. तसंच, पॉलिसीची मुदत ठेकेदाराने सांगितलेल्या तारखेपर्यंत घेऊ नका, त्यात चार महिने मिळवा. मुदत वाढवून मिळते, पण ती संपण्याआधी मागितली तर.

आणि चोरी. साइटवरून सळई गेली, कुलूप तोडलेलं दिसतंय, पोलिसांत तक्रार आहे, तर दावा होतो. महिनाअखेरीला हिशेब करताना साठ पोती कमी निघाली, तर होत नाही. माल मोजताना लक्षात आलेली तूट मसुद्यातच वगळलेली असते. म्हणून साइटवर वही ठेवायची, आलेला आणि वापरलेला माल रोज लिहायचा. आमच्या मिस्त्रीला हे अविश्वासाचं वाटलं. त्याला चहा पाजून समजावलं.

पावसाबद्दल वेगळं सांगायला नको, पण नवी मुंबईच्या जमिनीबद्दल सांगायला हवं. ह्या शहराचा मोठा भाग खाडीकाठच्या खाजणावर भराव घालून उभा आहे; भरतीचं आणि पावसाचं पाणी सांभाळायला सिडकोने धारण तलाव बांधले ते उगाच नाही. खाली मऊ चिखलमाती, त्यामुळे खड्डा खणला की बाजू ढासळतात आणि पाणी येतं. पॉलिसी त्या पाण्याने वाहून गेलेल्या फुटिंगचे पैसे देईल, पण रोज पंप लावून पाणी उपसण्याचा खर्च हा नुकसान नव्हे, तो कामाचाच भाग. आणि खबरदारी घेतली नाही असं दिसलं तर वाद होतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. तेव्हा 'एवढा पाऊस होईल असं वाटलं नव्हतं' हे इथल्या सर्व्हेअरपुढे चालत नाही. माती परीक्षणाचा अहवाल प्रस्तावासोबत जोडून ठेवा.

आता ज्याबद्दल घर बांधणारे सगळ्यात कमी बोलतात ते.

साइटवर काम करणारा मजूर हा 'तिऱ्हाईत' नाही. कार पॉलिसीचा दुसरा भाग त्याला मोजत नाही. तो दुसऱ्या मजल्यावरून पडला तर त्यासाठी स्वतंत्र पॉलिसी लागते. बाजारात तिला अजून 'डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन) पॉलिसी' म्हणतात, १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यावरून. तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण हिशेबाची रीत तीच राहिली: मृत्यू झाला तर मासिक मजुरीचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला एक आकडा. जुन्या कायद्याखाली जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी मजुरी जास्तीत जास्त १५,००० रुपये धरली जात होती. त्यावर ३० वर्षांच्या गवंड्याचं गणित मांडू. निम्मे ७,५००. तीस वर्षांसाठी गुणक २०७.९८. गुणाकार १५,५९,८५०. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर निम्म्याऐवजी ६० टक्के धरतात, म्हणजे रक्कम आणखी वर जाते.

"पण मजूर तर ठेकेदाराचे," असं मीही म्हणाले होते. कागदावर बरोबर आहे. पण आपल्याकडच्या छोट्या कामांत ठेकेदार म्हणजे बऱ्याचदा कालपर्यंतचा मुकादम, ज्याच्याकडे टेम्पोखेरीज कसलीच पॉलिसी नसते. वकील नोटीस काढतो तेव्हा ज्याच्या नावावर घर त्याचंही नाव घालतो. आणि बिगारी आपण नाक्यावरून स्वतः रोजंदारीवर आणला असेल तर मालक आपणच, मग बोट दाखवायला कोणी नाही.

ही पॉलिसी मजुरांच्या संख्येवर आणि मजुरीच्या एकूण अंदाजावर निघते. हप्ता वाचवायला मजुरी कमी दाखवू नका. पॉलिसीत पोटठेकेदाराचे मजूर धरलेत का, हे विचारा. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, फॅब्रिकेशनवाला हे सगळे वेगवेगळ्या माणसांचे असतात. औषधोपचाराचा खर्च हे सहसा जादा कलम असतं आणि खरं तर तेच जास्त वेळा लागतं. आमच्याकडे एका पोराच्या पायात खिळा घुसला, पाडकामातल्या जुन्या फळीचा.

ह्या ठिकाणी दोन गैरसमज हमखास भेटतात. पहिला, 'आम्ही परवानगीच्या वेळी एक टक्का कामगार उपकर भरलाय की.' तो उपकर बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या निधीत जातो. त्यातून नोंदणी केलेल्या कामगारांना योजना मिळतात. तुमची जबाबदारी त्याने फिटत नाही. दुसरा, 'सगळ्यांचे वीस रुपयेवाले विमे आहेत.' पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाख मिळतात, १८ ते ७० वयाच्या कोणालाही. चांगली योजना आहे, मजुरांना बँकेत नेऊन फॉर्म भरून द्याच. पण २ लाख आणि साडेपंधरा लाख यांतला फरक कोणीतरी भरायचा असतोच.

४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ माणसं गेली. ते बेकायदा बांधकाम होतं, आपलं घर तसं नाही, हे खरं. पण ठाण्यात राहणारा कोणीही 'बांधकाम चालू असताना काय होणार आहे' असं म्हणू शकत नाही.

परवानगीवरून आठवलं. प्रस्ताव अर्जात कंपनी बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा मागते. नकाशात एक मजला आणि जागेवर दोन, असा प्रकार असेल तर दाव्याच्या वेळी तो अडचणीचा ठरू शकतो. प्रकल्पग्रस्तांनी परवानगीशिवाय, गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न नवी मुंबईत किती जुना आणि नाजूक आहे हे मला माहीत आहे, त्यावर इथे मत देत नाही. एवढंच, की अर्जात जे खरं आहे तेच लिहा. लपवलेली माहिती हे दावा नाकारण्याचं सगळ्यात सोपं कारण असतं.

बँकेकडून कर्ज घेताना विम्याच्या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी समोर येतात, आणि आपण शंभर सह्यांच्या गठ्ठ्यात दोन्हींवर सही करतो. एक म्हणजे कर्जदाराच्या जिवाचा विमा: तुम्ही गेलात तर उरलेलं कर्ज फिटतं. दुसरा मालमत्तेचा. पहिल्याचा एकरकमी हप्ता बरेचदा कर्जातच मिळवतात, म्हणजे त्यावरही पुढची वीस वर्षं व्याज. वेगळी साधी टर्म पॉलिसी किती पडते ते आधी बघा. सही करून बसला असाल तर आयुर्विम्याची पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. आणि मालमत्तेची जी पॉलिसी बँक देते ती बांधकामाच्या काळाला लागू आहे की फक्त तयार घराला, हे अधिकाऱ्याला ईमेलवर विचारा. तोंडी 'हो मॅडम, सगळं कव्हर आहे' याला काही किंमत नाही.

भोगवटा प्रमाणपत्र हातात आलं, सामान लावलं, की मग नेहमीचा गृहविमा. हा भाग सोपा झालाय. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना द्यावी लागते. आग, पूर, वादळ, भूकंप, दरड, दंगल, दहशतवादी कृत्य हे सगळं मूळ पॉलिसीतच. रक्कम म्हणजे कार्पेट क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर. १,२०० चौरस फूट आणि फुटाला २,५०० धरले तर ३० लाख. घरातल्या सामानासाठी त्याच्या २० टक्के, म्हणजे ६ लाख, वेगळं काही न मागता आपोआप मिळतात. ह्याची वरची मर्यादा १० लाख. वर सांगितलेला दोनतृतीयांशाचा जाच ह्या पॉलिसीत नाही, रक्कम थोडी कमी पडली तरी त्या प्रमाणात कापत नाहीत. दहा वर्षांपर्यंत एकदम घेता येते, आणि एका वर्षापेक्षा जास्त मुदतीची असेल तर रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. घरफोडी मात्र वेगळी घ्यावी लागते; मूळ पॉलिसीतली चोरी म्हणजे आग-पुरासारख्या घटनेनंतर सात दिवसांत झालेली. दागिन्यांचंही वेगळं बघावं लागतं.

कार पॉलिसी संपायची आणि ही सुरू व्हायची तारीख एकमेकींना चिकटलेली हवी. बांधकामाची पॉलिसी काम पूर्ण होऊन ताबा दिला किंवा घर वापरात आलं की संपते, भले तिच्यावर पुढची तारीख छापलेली असो. तळमजल्यावर राहायला जाऊन वरचा मजला चालू ठेवणारे आपल्यात खूप. त्यांनी कंपनीला आधी कळवायचं, कारण राहायला गेलेल्या भागाचं संरक्षण त्या दिवशीच सुटू शकतं.

काही झालंच तर पहिलं काम साफसफाई नाही, फोटो. मग कंपनीला फोन आणि लगेच ईमेल. कार पॉलिसीच्या नेहमीच्या मसुद्यात १४ दिवसांत कळवलं नाही तर कंपनी जबाबदार राहत नाही. सर्व्हेअर येईपर्यंत पडलेलं तसंच ठेवायचं. जिवाला धोका असेल तेवढंच हलवायचं. ढिगारा उचलण्याचा खर्च पॉलिसीत आहे का, हे काढतानाच बघून ठेवा, डंपरचा एकेक फेरा काय पडतो ते तुम्हाला माहीतच आहे.

दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' ह्या पोर्टलवर किंवा १५५२५५ ह्या फोन नंबरवर. वैयक्तिक पॉलिसीच्या तक्रारी विमा लोकपालाकडे नेता येतात, ५० लाखांपर्यंत, फी नाही, वकील नाही. त्यासाठी आता मुंबईला किंवा पुण्याला जायला लागत नाही. ठाणे, नवी मुंबई, रायगड आणि पालघरसाठीचं कार्यालय ठाण्यातच आहे.

आम्ही पॉलिसी घेतली ती प्लिंथ, म्हणजे जोतं, झाल्यानंतर, दोन पॉलिसी, दोन्ही माझ्या आणि ठेकेदाराच्या नावाने. दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्यांकडे कॅमेरा घेऊन गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "काय, घर विकायचंय का आमचं?" पेन्सिलने तारखा घालायला त्यांचा नातू आला मदतीला. त्यांच्या हॉलमध्ये सात जुन्या भेगा निघाल्या, आणि त्यांतल्या तीन त्यांनाही माहीत नव्हत्या.